मेंडोलिनाक मास्तर गावलो काय?

आमच्या मालवणात माणूस काहीही शिकायला निघाला की ते शिकणं राहतं बाजूला आणि सांगायच्या गजालीच साचत जातात. माझ्याकडे आज इतक्या साचल्यात की सोमवारच्या बाजारात सुकट घेतानाही एखादी तोंडातून निसटते. मग सुकटवाली तागडी तशीच धरून विचारते, "मगे? फुडे काय झाला?" पुढे काय व्हायचं! पुढे माझं डोकं फिरायचं. लोक म्हणतात, काय मजेशीर अनुभव गो तुझे. एकदा तुम्ही माझ्या जागी उभे राहा, मग मजा सांगा!

तर मी सुलभा. हायस्कुलात क्लार्क. पन्नाशी ओलांडलेली. मेंडोलिन वाजवते.

हे मेंडोलिन मूळचं आमच्या ह्यांचं. ह्यांचं नाव दत्ताराम, एसटीत ड्रायव्हर होते. निवृत्त झाल्यावर काहीतरी खूळ डोक्यात शिरतंच, तसं ह्यांच्या शिरलं आणि म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून एक जुनं मेंडोलिन घेऊन आले. आठ तारा, सगळ्या पोलादी. जेमतेम पंधरवडा वाजवलं. बोटं सोलवटली, तेव्हा "ह्या वाद्यातच खोट आसा" असा निकाल देऊन ते खुंटीला टांगलं. अख्खा जन्म घाटात स्टिअरिंग फिरवलेल्या हातांना आठ तारा जड झाल्या!

खुंटीवरून ते मी काढलं. कानाने ऐकत, फोनवर बघत, चुकतमाकत शिकले. आमच्या वाडीच्या बायकांच्या भजनी मंडळात वाजवायला लागले. आणि आता कोणी पाहुणा घरी आला की हे झोपाळ्यावरून सांगणार, "तां मेंडोलिन माझां. ही आपली वाजवता उगाच."

उगाच!

आता अडचण सांगते. मेंडोलिनची तार छेडली की आवाज लगेच विझतो. सूर लांबवायचा असेल तर हातातली छोटी पत्ती तारेवर खाली-वर, खाली-वर, भराभर फिरवत राहायची. त्याला ट्रेमोलो म्हणतात. माझा ट्रेमोलो म्हणजे थंडीतल्या सकाळची रिक्षा. दोन-चार झटके देते आणि बंद. वर्षानुवर्षं तिथेच अडकले होते. अभंगात लांब सूर आला की मी तार सोडून नुसती मान डोलवायची.

हे आमच्या मंडळाच्या विमलच्या लक्षात आलं. विमल म्हणजे आमची पेटीवाली आणि पुढारी, दोन्ही तीच. तिने दिवाळीत कीबोर्ड घेतला आणि भर तालमीत मला दाखवला.

"ह्यां बटण दाबलां की मेंडोलिन. ह्यां दाबलां की सनई. ह्यां दाबलां की कुत्रो भुकता!"

कुत्रा खरोखर भुंकला. सगळ्या बायका हसल्या. मग तिने मेंडोलिनचं बटण दाबलं आणि बोट तसंच धरून ठेवलं. सूर थरथरत राहिला, थांबेचना.

"सुलू, श्रावणातल्या भजनी सप्त्यापर्यंत तुका असा जमला तर तू वाजव," विमल म्हणाली. "नायतर मी बटण दाबतंय. तू झांज घे."

मी? झांज? त्याच दिवशी मी ठरवलं, मास्तर शोधायचा.

*

पहिला फोन कुडाळच्या एका गिटार क्लासला लावला. तिथले रोहनसर. आवाजावरून सर कालपरवाच कॉलेजातून सुटलेले वाटत होते.

"मेंडोलिन शिकायचं आहे," मी म्हटलं.

"नक्की, नक्की! मुलाचं वय काय?"

"मूल नाही."

"मुलगी आहे का? काही हरकत नाही. वय?"

"अहो, मला शिकायचंय!"

मग सर हळू आवाजात, दवाखान्यात बोलतात तसं म्हणाले, "काकी, या वयात हॉबी चांगलीच. पण मेंडोलिन कशाला? युकुलेले घ्या. दोन्ही सेमच असतं. मेंडोलिनला चार तारा जास्त, इतकंच."

मी म्हटलं, "मग रिक्षा आणि एसटीसुद्धा सेमच. चाकं जास्त, इतकंच!"

सर म्हणाले, "हो ना! एक्झॅक्टली!"

आणि जाता जाता म्हणाले, "तुमचा नंबर सेव्ह करून ठेवतो हां, काकी. मेंडोलिनचं काही निघालं तर कळवतो." मी फोन ठेवला तो आपटूनच. ह्यांनी झोपाळ्यावरून विचारलं, "गावलो मास्तर?" मी म्हटलं, मिळायला मास्तर काय खुंटीला टांगलाय?

*

मग कोणीतरी सावंतवाडीच्या बुवांचं नाव सांगितलं. शास्त्रीय गाण्यातले, मोठा शिष्यवर्ग. मी रजा टाकली, मेंडोलिन पिशवीत घातलं, एसटी पकडली आणि त्यांच्या ओसरीवर जाऊन बसले. पिशवी समोर ठेवली.

बुवांनी पिशवीकडे पाहिलं, पण हात लावला नाही. "आधी दोन वर्षं पेटी," ते म्हणाले. "त्यातलं पहिलं वर्ष नुसता सा. मग पाहू."

"बुवा, पण मला मेंडोलिनच..."

"ते परकं वाद्य. आपल्या मातीतलं नव्हे. आपली पेटी पाहा कशी."

आता मात्र माझा पारा चढला. पेटी काय वेंगुर्ल्याच्या खाडीत उगवली होती? तीही साहेबाच्याच बोटीतून उतरली ना! मेंडोलिन तिच्याच शेजारी बसून आलं असेल. मी हे सगळं बोलून दाखवणार होते, इतक्यात आतून चहा आला. बुवांनी कप घेतला, एक घोट प्यायले, आणि ठेवायला जागा दिसेना म्हणून माझ्या मेंडोलिनच्या पिशवीवर ठेवला!

वर मला म्हणतात, "घ्या, घ्या, तुम्हीही ठेवा."

कोपऱ्यात त्यांची पेटी होती. तिच्यावर रेशमी शाल होती, बरं का.

*

विमलने एक नाव आणलं, ते थेट खारेपाटणचं. "मोठो वाजवणारो आसा. गणपतीत तेका लय मागणी."

खारेपाटण म्हणजे आमच्या जिल्ह्याचं दुसरं टोक. मालवणातून कसालला जायचं, कसालला गाडी बदलायची आणि हायवेने वर वर जात राहायचं. पोचले तेव्हा अंग आंबलं होतं. मास्तर अंगणातच होते. माणूस अगदी गोड, त्यात वाद नाही. पाणी दिलं, गूळ दिला. मग आतून वाद्य आणून माझ्यासमोर ठेवलं.

बेंजो! गणपतीच्या मिरवणुकीत टेम्पोवर ठेवून वाजवतात तो. एका हाताने तारा छेडायच्या आणि दुसऱ्या हाताने बटणं दाबायची, टाइपरायटरसारखी.

"मास्तर, मी मेंडोलिनसाठी आले होते," मी म्हटलं.

"बाये, मेंडोलिन घेतात कोण आता?" मास्तर म्हणाले. "मिरवणुकीत तेचो आवाज कोणाक ऐकाक येतलो? तू काय करतस?"

"हायस्कुलात क्लार्क आहे."

मास्तर ताडकन उभे राहिले. "टायपिंग येता?"

"येतं."

"मगे महिन्यात तयार! गणपतीक माझ्या पार्टीत उभी रव. बाई बेंजोर म्हटल्यार टेम्पोफुडे लोक नाचान दमतले!"

मी आयुष्यात एवढी परीक्षा देऊन टायपिंग शिकले ती टेम्पोवर उभी राहायला? परत येताना कसालला गाडीची वाट बघत बसले होते, तेव्हा शेजारच्या बाईने पिशवीकडे बोट दाखवून विचारलं, "ह्यात काय, शिलाईमशीन?" मी हो म्हटलं. भांडायला त्राणच नव्हतं. पिशवी उघडा, बघू या, असं म्हणणारं माणूस मला अजून भेटायचं होतं.

*

मग ऑनलाइन. शहरातला एक मेंडोलिनवादक रविवारी फोनवर क्लास घ्यायचा. आमच्या घरात नेटवर्क फक्त मागच्या पडवीत, तेही माडाच्या बुंध्याशी खुर्ची टेकवून बसलं तर. मी बसायची. मांडीवर मेंडोलिन, फोन माडाला टेकवलेला.

क्लासात माणसं खंडीभर. सरांनी सगळ्यांना म्यूट केलेलं. सर स्वतः वाजवायचे आणि स्वतःच "वा!" म्हणायचे. आमचं कोणाचं त्यांनी कधी ऐकलं नाही. मी बोलायला गेले तर स्क्रीनवर म्यूटचं चित्र!

एका रविवारी मात्र सर म्हणाले, "आज एकेकाचा ट्रेमोलो ऐकू या. सुलभाताई, तुम्ही."

मी पत्ती धरली, तारेवर नेली. नेमकं त्याच क्षणी शेजारच्या काजूच्या बागेत गवत कापायचं मशीन सुरू झालं. घर्रर्रर्रर्र!

मी अजून तारेला स्पर्श केला नव्हता. सर डोळे मिटून ऐकत होते.

"वा!" सर म्हणाले. "वा, ताई! किती एकसारखा! बाकीच्यांनी ऐका, ह्याला म्हणतात ट्रेमोलो!"

मी काही बोलायच्या आत मला पुन्हा म्यूट केलं. ग्रुपवर वीस अंगठे आणि फुलांचे गुच्छ आले. शेजारच्याला हे सांगितलं तर तो मशीन खाली ठेवून म्हणाला, "काकी, ह्यां मशीन चांगलांच आसा. कंपनीचा."

*

हे सगळं चाललं असताना आमच्या गावच्या देवळात जत्रा आली. आमच्याकडे जत्रेत लोक नारळ ठेवून देवाला गाऱ्हाणं घालतात. आपण आपल्या तोंडाने काही मागायचं नाही. मानकरी आपल्यासाठी मागतो, आणि प्रत्येक वाक्याला जमलेले सगळे "व्हय म्हाराजा!" म्हणून रुकार देतात. कोणाच्या मुलाला नोकरी, कोणाच्या जमिनीचा निकाल, कोणाची म्हैस हरवलेली.

मी ओटी भरून मागे वळले तर हे नारळ घेऊन रांगेत पुढे. मला वाटलं, गुडघ्यासाठी असेल. मानकऱ्याच्या कानात काहीतरी पुटपुटले. मानकऱ्याने नारळ उचलला.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ही जी दत्तारामाची बायल आसा, तिका मेंडोलिन वाजवूचो नाद लागलो हा..."

"व्हय म्हाराजा!"

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. सगळं गाव तिथे होतं. माझ्या हायस्कुलाचे हेडमास्तर होते!

"मास्तर शोधून शोधून ती दमली हा. तर तिका बरोसो मास्तर गावांदे..."

"व्हय म्हाराजा!"

"आणि गावणारो नसात, तर तिचो हो नाद तरी सुटांदे रे म्हाराजा!"

आणि सांगते, हा शेवटचा "व्हय म्हाराजा" सगळ्यात मोठा आला. कळसावरची कबुतरं उडाली! त्यात विमलचा आवाज मी स्वच्छ ओळखला.

घरी आल्यावर मी ह्यांना धारेवर धरलं. "देवाकडे असं मागतात? हे नाहीतर ते?"

हे शांतपणे म्हणाले, "देवाक अडचणीत कित्याक टाकूचा? तेकाय मोकळीक नको?"

*

आता राहिला गोवा. तिथे मेंडोलिन घरोघर, असं सगळे म्हणत. ओळखीतून एका सरांचा पत्ता मिळाला. सकाळच्या एसटीने निघाले, दोन गाड्या बदलल्या, आणि भर दुपारी त्यांच्या दाराशी पोचले.

दारात त्यांच्या बायकोने तोंडावर बोट ठेवलं. "सर निजल्यात."

"कधी उठतील?"

"चार वाजतां. आदीं उठोवपाक जायना."

माझी परतीची गाडी चारच्या आतली. मी दारापुढच्या बाकावर बसले. आतून सरांचं घोरणं ऐकू येत होतं. खालीवर, खालीवर, एकसारखं, जरासुद्धा न अडखळता. गोव्यापर्यंत येऊन मी तेवढा ट्रेमोलो ऐकला आणि उठले. आता संतापायचीसुद्धा ताकद उरली नव्हती. सप्ता जवळ आला होता आणि मला विमलची झांज डोळ्यांसमोर दिसत होती.

परतताना इन्सुलीच्या नाक्यावर गाडी थांबली. गोव्याकडून येणाऱ्या गाड्या तिथे बाटल्यांसाठी तपासतात. एक जण आत चढला, बाकं बघत बघत माझ्याशी थांबला.

"पिशवीत काय?"

"मेंडोलिन."

"खाली उतरा. उघडा."

मी खाली उतरले. त्याने पिशवी उघडली. भोकातून आत डोकावला. पाठीवर टकटक केलं.

"वाजतं का हे?"

"वाजतं म्हणजे काय!"

"मग वाजवून दाखवा. वाजलां नाय, तर आत काय तरी भरलला आसा."

ऐका हं! सावंतवाडीपासून खारेपाटणपर्यंत आणि खारेपाटणपासून गोव्यापर्यंत मी हे मेंडोलिन खांद्यावर मिरवलं. इतके गुरू, सर, मास्तर झाले. पिशवी उघडा, वाजवा, ऐकू या, असं समोर उभं राहून पहिल्यांदा कोण म्हणालं? नाक्यावरचा तपासणीवाला! आणि ते कशासाठी? आत दारू नाही ना, म्हणून!

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी तिथेच, रस्त्याच्या कडेला, दगडावर पाय ठेवला आणि अभंग वाजवायला सुरुवात केली. गाडीतली माणसं खिडक्यांतून बघायला लागली. पहिली ओळ बरी गेली. लांब सूर आला. हात अडकला. रिक्षा बंद!

आणि एसटीच्या खिडकीतून कोणीतरी ओरडलं, "मनगट! मनगट सोड गो बाये!"

सगळ्यांनी वर पाहिलं. पिकल्या केसांची, फ्रॉक घातलेली एक म्हातारी बाई खिडकीतून अर्धी बाहेर आली होती.

"तू कोपरान वाजवतस! लाकडां फोडतस काय? मनगट सैल सोड!"

तपासणीवाला म्हणाला, "बाई, तुम्ही कोण?"

"मी म्युझिक टीचर. तू मात्सो गप रव. तिका परत वाजवूक दी."

तो खरंच गप्प राहिला. मी परत वाजवलं. परत अडकले. ड्रायव्हरने हॉर्न मारला तर ती त्याच्यावरही डाफरली. मग गाडी सुटली तशी माझ्या शेजारी येऊन बसली, माझं उजवं मनगट धरलं, आणि सावंतवाडी येईपर्यंत सोडलं नाही. हलवत होती, दाबत होती, पुटपुटत होती. मला काय वाटलं ते नीट सांगता येत नाही. इतक्या दिवसांत माझा हात बघावा असं एका माणसाला वाटलं होतं.

ती फिलोमिना मिस. कॉन्व्हेंटात म्युझिक शिकवून निवृत्त झालेली. राहते कुठे? सावंतवाडीत. सावंतवाडीत कुठे? बुवांच्या घरामागच्या गल्लीत!

बुवांच्या ओसरीवर उभं राहिलं तर मिसचं मेंडोलिन रोज संध्याकाळी ऐकू येतं. ही चाळीस पावलं मला कोणी दाखवली नाहीत आणि मी दोन राज्यं हिंडून आले. मी तरातरा बुवांकडे गेले.

"बुवा, मागच्या गल्लीत मेंडोलिन वाजतं, हे तुम्हाला माहीत नव्हतं?"

"होतं की. रोज ऐकतो. फार गोड वाजवतात."

"मग मला सांगितलं का नाही?"

बुवा आश्चर्याने म्हणाले, "तुम्ही गुरू विचारलात. त्या मिस आहेत."

*

मिसकडे मी दर शनिवारी जायला लागले. आता मास्तर मिळाला, माझा राग संपला, असं वाटलं असेल तुम्हाला. छे! पहिल्या दिवशी मिसने मेंडोलिन पिशवीतून काढलं, आपल्या कपाटात ठेवलं आणि कपाटाला कुलूप लावलं.

"आज वाजवूचा नाय."

मी म्हटलं, "मिस, सप्ता तोंडावर आलाय!"

"तू मासे धुतस?"

"रोज धुते."

"धुवन झाल्यार हात कसो झटकतस? दाखय."

मला वाटलं, बाई थट्टा करते. रागारागाने हात झटकला.

"परत."

परत झटकला. मिसने माझ्या मनगटाकडे चष्म्याच्या वरून बघितलं आणि कपाळाला हात लावला.

"ह्योच तुझो ट्रेमोलो! इतकी वर्सां मोरीत वाया घालवलंस!"

त्या आठवड्यात मी घरी हात झटकत हिंडले. ऑफिसात फाइल देताना झटकला. हे विमलला म्हणाले, "मास्तर गावलो. पण आता डॉक्टर बघूक व्हयो."

*

सप्त्यात आमच्या वाडीच्या बायकांना वेळ कुठली? भर दुपारची, जेवणानंतरची. पुरुष मंडळी सभामंडपात खांबांना टेकून पेंगत असतात तेव्हाची. चांगल्या वेळा सगळ्या भजनी बुवा लोकांना! हाही एक संतापच, पण तो दर वर्षीचा आहे.

विमलने पेटीशेजारी कीबोर्ड मांडला. माझ्याकडे पाहिलं, झांज माझ्यासमोर सरकवली आणि एक बोट त्या बटणाजवळ ठेवून दिलं.

अभंग सुरू झाला. लांब सूर कुठल्या ओळीत येतो ते मला झोपेतही सांगता येईल. ती ओळ आली. विमलचं बोट खाली जायला लागलं. मी मोरीत झटकते तसा हात झटकला. आणि सोडून दिला.

सूर थरथरला, आणि थरथरतच राहिला. मला तो थांबवायचं सुचेना. विमल पुढची ओळ घ्यायची विसरली. खांबाला टेकलेल्यांपैकी दोघे-तिघे जागे झाले. माझ्या डोळ्यांना पाणी आलं, आणि ते आनंदाचं होतं की इतक्या दिवसांच्या चिडीचं, ते मला अजून कळलेलं नाही.

विमलने बटणावरचं बोट काढलं. माझ्यासमोरची झांज उचलली आणि अभंग संपेपर्यंत स्वतः वाजवली.

बाहेर आल्यावर तिने मला मिठी मारली. तीही रडत होती.

"काय वाजवलंस गो सुलू!" ती म्हणाली. "काय वाजवलंस! डिट्टो कीबोर्ड!"

*

आणि ही गेल्या आठवड्यातली गजाल.

एके दिवशी हे मिक्सरचं भांडं दुरुस्तीला म्हणून कुडाळला गेले होते. भांडं होतं तसंच परत घेऊन आले. म्हणाले, दुकान बंद होतं.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत फोन वाजला. रोहनसर!

"काकी, ओळखलंत का? गिटार क्लास. तुमचा सप्त्यातला व्हिडिओ एका ग्रुपवर बघितला. एकदम भारी! एक विचारू? माझ्याकडे मेंडोलिनसाठी ॲडमिशन आलंय. मला तर येत नाही. तुम्ही शिकवाल का? बुधवारी संध्याकाळी?"

मी खुर्चीत नीट बसले. घसा साफ केला.

"मुलाचं वय काय?"

"मूल नाही, काकी. सीनियर आहेत. काल स्वतः येऊन गेले. एसटीत ड्रायव्हर होते म्हणे. दत्ताराम नाव. हातात मिक्सरचं भांडं होतं."

मी समोरच्या कॅलेंडरवर बुधवारला गोल केला.

"आणि वाद्याचा प्रश्न नाही," सर म्हणाले. "घरी स्वतःचं मेंडोलिन आहे म्हणाले. फक्त एक अट घातलीय त्यांनी. घरी कळता कामा नये."

"पाठवा," मी म्हटलं. "पण शिकवणार कोण, ते सांगू नका."

मंगळवारी संध्याकाळी मी तुळशीपाशी दिवा लावून आत आले. हे खुंटीखाली उभे होते. मेंडोलिनची पिशवी उगाच हाताने झाडत होते.

"ह्येच्यो तारा गंजल्यो," हे म्हणाले. "उद्या कुडाळाक न्हेवन बदलून हाडतंय."

"न्हेवा," मी म्हटलं. "पण वेळेर पोचा. मास्तर कडक आसा म्हणतत."